विश्लेषण : गर्दी कोल्हापुरात, करार बाहेरगावी! शाळा ते आयएसएल या फुटबॉलच्या शिडीतली पायरी कुठे निसटते?

दुपारी कडक ऊन असते, शहरातली निम्मी दुकाने जेवणासाठी अर्धी मिटलेली असतात आणि तरीही छत्रपती शाहू स्टेडियमच्या बाहेर दुचाकी लावायला जागा नसते. कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम सुरू आहे हे ओळखायला वेळापत्रक लागत नाही. पाटाकडील विरुद्ध खंडोबा, दिलबहार विरुद्ध शिवाजी, प्रॅक्टिस विरुद्ध बालगोपाल असा सामना असेल, तर त्या दिवशी पेठेतल्या बऱ्याच कामांना आपोआप सुट्टी मिळते.

देशात क्रिकेट सोडून स्थानिक खेळाला तिकीट काढून, घोषणा देत, वर्षानुवर्षे प्रेक्षक येतात अशी शहरे मोजकी आहेत. कोलकाता, गोवा, केरळचा मलप्पुरम, मणिपूर, मिझोराम यांच्या यादीत कोल्हापूरचे नाव हक्काने घेतले जाते. प्रश्न तिथूनच सुरू होतो. एवढी गर्दी, एवढे संघ, एवढे चषक असताना इंडियन सुपर लीगमध्ये, म्हणजे आयएसएलमध्ये, खेळलेल्या कोल्हापूरकरांची नावे बोटावर मोजण्याइतकीच का? शाळेच्या मैदानावरून व्यावसायिक करारापर्यंत जाणारा रस्ता नेमका कसा आहे आणि तो कुठे तुटतो?

पेठ, तालीम आणि फुटबॉल यांचे नाते काय?

इतर शहरांत क्लब असतो, कोल्हापुरात तालीम असते. संघांची नावेच पाहा : पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ, उत्तरेश्वर प्रासादिक वाघाची तालीम. तालीम म्हणजे कुस्तीचा आखाडा. राजर्षी शाहू महाराजांनी (कारकीर्द १८९४ ते १९२२) कुस्तीला राजाश्रय दिला, रोममधले कलोसियम पाहून आल्यावर खासबाग मैदान उभे केले आणि शहरभर तालमी वाढल्या. या तालमींत लाल मातीइतकीच महत्त्वाची गोष्ट होती ती म्हणजे पेठेतल्या तरुणांची रोज एकत्र येण्याची सवय.

फुटबॉलला आयते मिळाले ते हे. मुले होती, वर्गणी काढण्याची पद्धत होती, नाव होते आणि समोरच्या पेठेला हरवण्याची खुमखुमी होती. कोल्हापुरात त्याला ‘ईर्षा’ म्हणतात आणि हा शब्द इथे वाईट अर्थाने वापरतातच असे नाही. कुस्तीत एका पेठेचा एकच मल्ल एका वेळी लढतो. फुटबॉलमध्ये अकरा जण लढतात आणि त्यांच्यामागे अख्खी गल्ली. त्यामुळे गणेशोत्सव, शिवजयंती आणि फुटबॉल ही तालमीची तीन मोठी कामे झाली. आज अनेक तालमींत हौदातली माती क्वचित हलते, पण जर्सी दरवर्षी नवी येते.

विश्वचषक आला की हीच ईर्षा जागतिक होते. ब्राझीलवाले आणि अर्जेंटिनावाले अशी घरे विभागली जातात, चौकात मेस्सी, नेमार, रोनाल्डोचे भलेमोठे कटआउट उभे राहतात. बाहेरच्या माध्यमांना कोल्हापूरच्या फुटबॉलची आठवण बहुधा तेव्हाच होते. खरा हंगाम मात्र त्या झगमगाटाचा नसतो.

हंगाम चालवते कोण आणि चालतो कसा?

कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजेच केएसए, ही स्थानिक फुटबॉलची शिखर संस्था. संस्थानकाळापासून छत्रपती घराण्याचा तिला आधार आहे. मालोजीराजे छत्रपती हे संस्थेचे मार्गदर्शक असून २०२२ मध्ये ते अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या, म्हणजे एआयएफएफच्या, कार्यकारी समितीवरही निवडून गेले. केएसए ही राज्य पातळीवर वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशनशी (विफा) जोडलेली आहे आणि विफा एआयएफएफशी. ही साखळी लक्षात ठेवायला हवी, पुढे तिचा संबंध येतो.

पावसाळा सरला की खेळाडू नोंदणी, मग वरिष्ठ गटाची साखळी स्पर्धा आणि साखळी संपली की चषकांचा मोसम. महापौर चषक, चंद्रकांत चषक, सतेज चषक, अटल चषक, राजेश चषक अशी नावे दरवर्षी पेपरात दिसतात. साखळीत सातत्य लागते, चषकात एक दिवस नशीब साथ देऊन गेले तरी भागते. बक्षिसाची रक्कम, फलक आणि राजकीय पाठबळ मात्र चषकांकडे जास्त असते. नेत्यांची नावे चषकांना का लागतात, हे सांगायला वेगळ्या विश्लेषणाची गरज नाही.

आता थोडे गणित. वरिष्ठ गटात १६ संघ. सगळे एकमेकांशी फक्त एकदा खेळले तरी १२० सामने होतात. दुपारी एक आणि सायंकाळी एक असे रोज दोन सामने लावले, एकही दिवस वाया गेला नाही, तरी साठ दिवस गेले. त्यावर खालच्या गटांच्या स्पर्धा, पाच-सहा चषक, शालेय सामने. आणि मुख्य मैदान एकच. म्हणून संघ गटांत विभागावे लागतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला साखळीचे मोजकेच सामने येतात. तुलनेसाठी, आयएसएलच्या २०२४-२५ हंगामात प्रत्येक संघ साखळीतच २४ सामने खेळला.

सरावाला इतर मैदाने आहेत, पण त्यांची कहाणी वेगळी. शिवाजी पेठेतले गांधी मैदान हे पूर्वीच्या वरुणतीर्थ तळ्याच्या जागेवर आहे. मोठा पाऊस झाला की मैदानाला आपले मूळ आठवते आणि तिथे पुन्हा तळे होते. म्हणजे पावसाळ्यात चिखल, एप्रिल-मेमध्ये दगडासारखी जमीन. गुडघ्याच्या लिगामेंटची दुखापत हा शब्द पेठेतल्या शाळकरी मुलालाही माहीत असतो, त्याचे एक कारण हे.

शाळेत किती फुटबॉल मिळतो?

महाराष्ट्र हायस्कूलसारख्या शाळांनी कोल्हापुरात फुटबॉलची परंपरा सांभाळली आहे. शालेय पातळीवर दोन वाटा असतात. एक, क्रीडा विभागाच्या १४, १७ आणि १९ वर्षांखालील शालेय स्पर्धा. दुसरी, सुब्रोतो मुखर्जी चषक. हवाई दलाचे पहिले भारतीय प्रमुख एअर मार्शल सुब्रोतो मुखर्जी यांच्या नावाने १९६० मध्ये सुरू झालेली ही स्पर्धा देशातली शालेय फुटबॉलची सर्वांत प्रतिष्ठेची. शहर, जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्या चढत विजेता संघ राष्ट्रीय फेरीला जातो. दिल्लीला जाऊन आलेल्या मुलाकडे पेठेत वेगळ्याच नजरेने बघतात.

अडचण स्पर्धेच्या पद्धतीत आहे. शालेय सामने बहुतांश बाद पद्धतीने होतात. ३२ शाळांनी भाग घेतला तर एकूण सामने होतात ३१ आणि त्यातल्या १६ शाळा पहिल्याच सामन्यात बाहेर. म्हणजे त्या शाळांतल्या प्रत्येक मुलाचा त्या वर्षीचा अधिकृत फुटबॉल एका सामन्यात संपला. पुढच्या दिवसापासून तो पुन्हा गल्लीत.

जगभर मुलांच्या प्रशिक्षणात भर असतो तो साखळी सामन्यांवर. आठवड्याला एक सामना, हरलात तरी पुढच्या शनिवारी पुन्हा मैदानात. मुलगा चुकतो, शिकतो, पुन्हा खेळतो. त्याच विचाराने एआयएफएफने १३, १५ आणि १७ वर्षांखालील संघांसाठी युवा लीग आणल्या. पण त्यात उतरतात त्या प्रामुख्याने अकादम्या आणि व्यावसायिक क्लबांचे कनिष्ठ संघ. शाळेचा संघ तिथे पोहोचत नाही आणि तालमीचे सगळे लक्ष वरिष्ठ संघावर असते. कोल्हापुरातही लहान वयोगटांच्या स्पर्धा होतात, अनेक माजी खेळाडू मुलांना शिकवतात. पण गर्दी, पैसा, प्रसिद्धी ही सगळी मोठ्यांच्या सामन्याला असते. चांगला खेळाडू शाहू स्टेडियमच्या मुख्य गर्दीसमोर येतो तो सतराव्या, अठराव्या वर्षी.

आणि तोपर्यंत उशीर झालेला असतो.

अनिकेत जाधव कोणत्या रस्त्याने गेला?

कोल्हापूरच्या फुटबॉलमधले सध्याचे सर्वांत मोठे नाव अनिकेत जाधव. जन्म २०००. त्याच्या प्रवासाचा नकाशा पाहिला की वरचा मुद्दा कळतो. तो लहान वयातच राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीतून पुण्याच्या बालेवाडीत गेला, तिथून पुणे एफसीच्या अकादमीत आणि मग राष्ट्रीय युवा संघाच्या शिबिरात. ऑक्टोबर २०१७ मध्ये भारतात १७ वर्षांखालील विश्वचषक झाला. भारताने फिफाच्या कोणत्याही विश्वचषकात खेळण्याची ती पहिली वेळ. अमेरिका, कोलंबिया आणि घाना या तिन्ही सामन्यांत भारत हरला, पण त्या संघात कोल्हापूरचा मुलगा होता. त्याच वर्षी १५ सप्टेंबरला राज्यात ‘मिशन वन मिलियन’ नावाने शाळाशाळांत फुटबॉल खेळवला गेला होता. कोल्हापूरला अर्थातच त्याची वेगळी आठवण करून द्यावी लागली नाही.

विश्वचषकानंतर त्या मुलांना एकत्र ठेवण्यासाठी एआयएफएफने इंडियन ॲरोज हा संघ आय-लीगमध्ये उतरवला. चेन्नई सिटीविरुद्धच्या पहिल्याच सामन्यात अनिकेतने दोन गोल केले. २०१९ मध्ये इंग्लंडच्या ब्लॅकबर्न रोव्हर्समध्ये प्रशिक्षणाची संधी, मग आयएसएलमध्ये जमशेदपूर, पुढे हैदराबाद एफसी. २०२२ च्या मार्चमध्ये केरळ ब्लास्टर्सला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून आयएसएल जिंकणाऱ्या हैदराबादच्या ताफ्यात तो होता. वरिष्ठ भारतीय संघातूनही पदार्पण, नंतर ओडिशा एफसी.

या सगळ्या प्रवासात वयाच्या कोवळ्या वर्षांनंतर कोल्हापूर कुठे आहे? जवळपास नाही. निखिल कदमचेही तसेच. पुण्यातल्या अकादमीतून पुढे आलेला हा खेळाडू मोहन बागानसारख्या ऐतिहासिक क्लबकडून खेळला. जे वर पोहोचले ते शहर लवकर सोडून गेलेले. जे थांबले ते पेठेचे हिरो झाले, शहरभर ओळखले गेले, पण देशाच्या नकाशावर आले नाहीत. यात त्यांच्या गुणवत्तेपेक्षा त्यांनी कोणत्या वर्षी कोणती बस पकडली, याचा वाटा मोठा आहे.

तालमीकडून खेळणारा ‘व्यावसायिक’ असतो का?

इथे पेठेतल्या भाषेत आणि फिफाच्या भाषेत फरक आहे. फिफाच्या नियमांत खेळाडूंचे दोनच प्रकार आहेत. ज्याचा क्लबबरोबर लेखी करार आहे आणि ज्याला खेळण्यासाठी होणाऱ्या खर्चापेक्षा जास्त मोबदला मिळतो, तो व्यावसायिक. बाकी सगळे हौशी.

कोल्हापुरातल्या मोठ्या संघांचे चांगले खेळाडू फुकट खेळत नाहीत. हंगामाचे मानधन ठरते, नोंदणीच्या दिवसांत या तालमीतून त्या तालमीत जाण्याच्या बातम्या रंगतात, व्हॉट्सॲपवर ‘अमुक आपल्याकडं आला’ असे स्टेटस पडतात. पण यातले बरेच काही शब्दावर चालते. शब्द पाळलाही जातो, कारण पेठेत तोंड दाखवायचे असते. मात्र गुडघा गेला तर उपचाराचा खर्च कोणी करायचा, हंगाम अर्ध्यावर थांबला तर उरलेले पैसे मिळणार का, विमा आहे का, या प्रश्नांची उत्तरे शब्दात नसतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदीने हंगाम मधेच थांबवला, तेव्हा देशभरातल्या स्थानिक खेळाडूंना हा फरक समजला.

मग तालमीनेच वर का चढू नये?

कागदावर शक्य आहे. २०२४-२५ हंगामापर्यंत भारतीय फुटबॉलची उतरंड वरून खाली अशी होती : आयएसएल, आय-लीग, आय-लीग २, आय-लीग ३ आणि त्याखाली राज्यांच्या लीग. आय-लीग ३ ही पायरी २०२३-२४ पासून जोडली गेली. राज्य संघटनेने पुढे पाठवलेला क्लब आय-लीग ३ मध्ये खेळू शकतो, जिंकत गेला तर वर जाऊ शकतो. आय-लीग जिंकून आयएसएलमध्ये बढती मिळवणारा पहिला संघ पंजाबचा, २०२३ मध्ये.

व्यवहारात मात्र आडवी येते ती ‘क्लब लायसन्सिंग’ ही अट. केवळ अकरा चांगले खेळाडू असून भागत नाही. लहान वयोगटांचे संघ हवेत, ठराविक दर्जाचे परवाने असलेले प्रशिक्षक हवेत, नियमांत बसणारे मैदान हवे, लेखापरीक्षण झालेला हिशेब हवा, कायदेशीर नोंदणी हवी. तालीम मंडळ चालते वर्गणी, देणगी आणि एखाद्या नेत्याच्या वा उद्योजकाच्या पाठबळावर. एका हंगामात पाठबळ देणारा दुसऱ्या हंगामात दुसरीकडे वळू शकतो. शिवाय देशभर प्रवास, हॉटेल, पूर्णवेळ कर्मचारी हा खर्च गल्लीच्या वर्गणीतून निघणारा नाही.

आणखी एक गोष्ट कोणी फारशी बोलत नाही. पाटाकडीलचा चाहता खंडोबाला हरवलेले बघायला येतो. तोच संघ एखाद्या परराज्यातल्या अनोळखी क्लबविरुद्ध खेळला तर तेवढी गर्दी होईल का? पेठांची ईर्षा हेच इथल्या फुटबॉलचे इंधन आहे आणि ते शहराच्या हद्दीबाहेर फारसे चालत नाही. सगळ्या पेठांनी मिळून ‘कोल्हापूर’ नावाचा एक संघ काढावा ही सूचना ऐकायला चांगली वाटते. पण त्याचा कर्णधार कोणत्या पेठेचा, इथेच पहिली बैठक अडकेल.

फिफाचा कोणता नियम पेठेला पैसे मिळवून देऊ शकतो?

नियमाचे नाव ‘सॉलिडॅरिटी मेकॅनिझम’. एखादा व्यावसायिक खेळाडू करार संपण्याआधी एका देशातल्या क्लबकडून दुसऱ्या देशातल्या क्लबकडे विकला गेला, तर त्या रकमेतले ५ टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांना वाटले जातात. वयाच्या १२ ते १५ या प्रत्येक वर्षासाठी पाव टक्का आणि १६ ते २३ या प्रत्येक वर्षासाठी अर्धा टक्का.

उदाहरण घेऊ. एक मुलगा १२ ते १५ अशी चार वर्षे आणि १६ ते १८ अशी तीन वर्षे एकाच तालमीकडे नोंदलेला आहे. पुढे कधीतरी परदेशी क्लबने त्याला एक कोटी रुपयांना घेतले. पहिल्या चार वर्षांचे एक टक्का आणि नंतरच्या तीन वर्षांचे दीड टक्का, मिळून अडीच टक्के. म्हणजे अडीच लाख रुपये तालमीच्या खात्यात. लहान मुलांच्या संघाचा वर्षभराचा बराचसा खर्च यातून निघू शकतो.

भारतीय खेळाडू परदेशी विकले जाण्याची उदाहरणे मोजकी आहेत, हे खरे. पण युरोप आणि दक्षिण अमेरिकेतले असंख्य छोटे क्लब याच पैशावर मुलांच्या अकादम्या चालवतात. नोव्हेंबर २०२२ पासून फिफाचे ‘क्लिअरिंग हाउस’ हे वाटप स्वतः करते. त्यासाठी लागतो खेळाडूचा इलेक्ट्रॉनिक पासपोर्ट, म्हणजे तो कोणत्या वर्षी कोणत्या क्लबकडे होता याची महासंघाच्या प्रणालीतली नोंद. तालमीत बाराव्या वर्षापासून बूट झिजवलेल्या मुलाचे नाव त्या प्रणालीत अठराव्या वर्षी पहिल्यांदा चढले, तर आधीची सहा वर्षे फिफाच्या लेखी घडलीच नाहीत.

बाहेरचे खेळाडू आल्याने काय बदलले?

गेल्या काही हंगामांत कोल्हापूरच्या संघांत गोवा, केरळ, मणिपूर, बंगालचे आणि आफ्रिकी देशांतले खेळाडू दिसू लागले. सामन्याचा वेग वाढला, उंच स्ट्रायकरला अडवताना स्थानिक बचावपटू नवे काही शिकले. प्रेक्षकांनी त्यांना डोक्यावर घेतले. पेठेत राहून मराठीत दोन-चार वाक्ये बोलणाऱ्या परदेशी खेळाडूचे व्हिडिओ मोबाइलवर फिरतात.

दुसरी बाजू जागेची. गोल करणारी आणि खेळ रचणारी जागा बाहेरच्याला दिली जाते, कारण निकाल आज हवा असतो. १८ वर्षांचा स्थानिक मुलगा मग बाकावर बसतो किंवा बचावात ढकलला जातो. हा वाद कोल्हापूरपुरता नाही. आयएसएलमध्येही भारतीय मध्यवर्ती स्ट्रायकर तयार का होत नाहीत, याचे उत्तर बरेच जण याच ठिकाणी शोधतात. फरक एवढाच की आयएसएलच्या क्लबला कनिष्ठ संघ ठेवावा लागतो.

मुलींचे काय?

शाहू स्टेडियमवरची गर्दी अजूनही मुख्यतः पुरुषांची असली, तरी मुलींनी एक गोष्ट मुलांच्या आधी करून दाखवली. एफसी कोल्हापूर सिटी या महिला संघाने राष्ट्रीय पातळीवरच्या इंडियन विमेन्स लीगच्या अंतिम फेरीत धडक मारली; २०१९ मध्ये लुधियानात आणि त्यापुढच्या हंगामात बेंगळुरूत. पेठेचे नाही, शहराचे नाव घेऊन. गोकुलम केरळ, सेतू एफसी, मणिपूरच्या संघांसमोर निकाल जड गेले, पण कोल्हापूरचे नाव देशाच्या सर्वोच्च महिला लीगच्या तक्त्यात आले. पुरुषांच्या एकाही तालमीला असे करता आलेले नाही. या यशाची चर्चा एखाद्या चषकाच्या उपांत्य फेरीइतकीही झाली नाही, हे मात्र खटकते.

कदाचित म्हणूनच ते जमले असेल. मुलींच्या फुटबॉलमध्ये पेठांची भांडणे अजून शिरलेली नाहीत.

हुल्लडबाजीचा फटका कोणाला?

समर्थकांमधील वाद, मैदानात बाटल्या भिरकावणे, सामन्यानंतर चौकात हाणामारी, सोशल मीडियावर एकमेकांना डिवचणे हे प्रकार कोल्हापूरला नवे नाहीत. प्रत्येक वेळी तेच होते : सामना थांबतो, पोलिस बंदोबस्त वाढतो, संघावर कारवाई होते, काही दिवस शांतता राहते. पेठेतला तरुण त्याला ‘नाद खुळा’ म्हणून सोडून देतो. पण मोठ्या सामन्यात पोलिसांत नाव गेलेल्या विशीतल्या मुलाला पुढे पासपोर्ट किंवा सरकारी नोकरीच्या चारित्र्य पडताळणीत अडचण येऊ शकते, हे त्याला नंतर कळते.

खेळाचे नुकसान वेगळे. कुटुंबे येत नाहीत, प्रायोजक बिचकतात. नियोजन चांगले असले की हेच शहर काय करू शकते, हे जानेवारी २०२३ मध्ये दिसले. संतोष ट्रॉफीच्या गटसाखळीचे सामने शाहू स्टेडियमवर झाले, बंगालसारखा सर्वाधिक विजेतेपदांचा मान असलेला संघ इथे खेळला.

दहावी-बारावीनंतर नेमके काय निवडायचे?

घराघरातला खरा प्रश्न हाच. ‘बारावीपर्यंत खेळ, मग बघू,’ हे वाक्य कोल्हापुरात फुटबॉल खेळणाऱ्या जवळजवळ प्रत्येक मुलाने ऐकलेले असते. पालकांचे चुकते असेही नाही. शालेय खेळाडूंना परीक्षेत क्रीडा गुणांची सवलत आहे आणि राज्य सरकारच्या नोकरीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. पण त्या आरक्षणासाठी लागतात मान्यताप्राप्त राज्य वा राष्ट्रीय स्पर्धांतली कामगिरी आणि क्रीडा विभागाकडून पडताळलेले प्रमाणपत्र. हजारो प्रेक्षकांसमोर जिंकलेला स्थानिक चषक त्या फायलीत उपयोगी पडत नाही. भरलेल्या स्टेडियममध्ये सामनावीर ठरलेला खेळाडू आणि रिकाम्या मैदानावर राज्य स्पर्धा खेळलेला खेळाडू यांत सरकारी कागद दुसऱ्याला ओळखतो.

वरची पायरीही आता पूर्वीइतकी भक्कम राहिलेली नाही. एआयएफएफ आणि आयएसएल चालवणारी कंपनी यांच्यातला २०१० पासूनचा १५ वर्षांचा करार डिसेंबर २०२५ मध्ये संपणार होता. त्यापुढचे ठरेना म्हणून जुलै २०२५ मध्ये नवा हंगाम स्थगित झाला, क्लबांनी सराव थांबवले, काहींनी पगार रोखले. ज्या शिखराकडे बोट दाखवून पालकांना समजवायचे, तेच महिनोन्महिने अधांतरी राहिले. त्या काळात पेठेतले मानधन अनेकांना अधिक खात्रीचे वाटले असेल तर नवल नाही.

मूल ११-१२ वर्षांचे असेल आणि त्याला खरोखर पुढे जायचे असेल, तर पालकांनी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. मुलाची एआयएफएफच्या केंद्रीय नोंदणी प्रणालीत नोंद झाली आहे का आणि कोणत्या क्लबच्या नावाने? अकादमी फी घेत असेल तर तिला एआयएफएफचे तारांकित मानांकन आहे का? आणि वर्षात मुलाला अधिकृत सामने किती मिळतात? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘भरपूर’ असे मिळाले, तर मागच्या हंगामाचे वेळापत्रक मागावे. क्रीडा प्रबोधिनीच्या निवड चाचण्यांची सूचना जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात लागते. ती बहुतेकदा शाळेच्या फलकापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे कार्यालयात स्वतः जाऊन विचारणे बरे.